शंभर टक्क्यांच्या बाहेरची मुलं

दहावीचा निकाल लागला की गावोगाव शाळांच्या फाटकांवर फ्लेक्स चढतात. ‘उज्ज्वल निकालाची परंपरा कायम, 100 टक्के!’ खाली गुणवंतांचे पासपोर्ट फोटो आणि त्याहून मोठा संस्थेच्या अध्यक्षांचा. या फ्लेक्सवर एक आकडा मात्र माझ्या पाहण्यात कधी आलेला नाही. आत्ता दहावी झालेली ही तुकडी दोन वर्षांपूर्वी आठवीत होती, तेव्हा तिच्या पटावर किती मुलं होती?

मधल्या काळात कमी झालेली सगळीच मुलं शाळेने काढली, असं कुणी म्हणणार नाही. कुणाच्या वडिलांची बदली होते, कुणी आईबापांबरोबर ऊसतोडीला जातं, एखादीचं लग्न लावून दिलं जातं. पण काही पालकांना नववीच्या दुसऱ्या सत्रात ऑफिसात बोलावून शांतपणे सांगितलं जातं, ‘याला आमच्याकडे झेपणार नाही. दाखला घेऊन जा, सतरा नंबरचा फॉर्म भरा, म्हणजे त्याचं वर्ष तरी वाया जाणार नाही.’ सतरा नंबर भरला की मूल बाहेरून परीक्षेला बसतं आणि शाळेच्या निकालातून वजा होतं. 2025 साली राज्याचा दहावीचा निकाल 94.10 टक्के लागला. दहावीपर्यंत पोचलेल्यांसाठी परीक्षा आता फार मोठी चाळणी उरलेली नाही, हे त्यावरून दिसतंच. माझं म्हणणं असं की चाळणी एक वर्ष अलीकडे सरकली आहे. तिच्यातून खाली पडणाऱ्यांत अशी मुलं बरीच असतात, ज्यांचा मेंदू शाळेला सोयीच्या पद्धतीने चालत नाही. डिस्लेक्सिया (वाचण्यातली अडचण) किंवा डिसग्राफियासारखी (लिहिण्यातली अडचण) अध्ययन अक्षमता असलेली, एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्थिर बसणं अवघड जाणं) असलेली, ऑटिस्टिक (इतरांशी संवाद आणि अचानक बदल अवघड जाणारी) मुलं. हल्ली या सगळ्यांना मिळून न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात. वर्गात त्यांची नावं जुनीच आहेत: ढ, आळशी, आगाऊ, येडं.

ही मुलं थोडीथोडकी नाहीत. देशातल्या पाच ठिकाणी, त्यात उत्तर गोवाही होता, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी करून 2018 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. साधारण आठांतल्या एका मुलाला मेंदूच्या विकासाशी संबंधित काही ना काही अडचण असल्याचं त्यात आढळलं. त्या आकड्यात अपस्मार आणि श्रवणदोषही धरलेले होते, म्हणून तो जसाच्या तसा नववीच्या वर्गाला लावता येणार नाही. तरी तो निम्म्यावर आणला, तरी साठच्या वर्गात तीन-चार मुलं निघतातच.

नियम नाहीत, अशी तक्रार मला करायची नाही. उलट या बाबतीत महाराष्ट्र देशात पुढे होता. मुंबईच्या शीव रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी अध्ययन अक्षमतेच्या तपासणीचं काम नेटाने उभं केलं, महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन 1996 साली सुरू झाली आणि त्याच सुमारास राज्य सरकारने या मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. आज दहावीच्या पेपरला तासामागे 20 मिनिटं जादा मिळतात, लेखनिक मिळतो, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी असते, एखादी भाषा सोडता येते, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं अंकगणित घेता येतं. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले आणि ऑटिझम व विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात स्पष्ट नावानिशी आली.

पण ही यादी पुन्हा वाचून पाहा. जवळजवळ सगळं परीक्षेच्या दिवसाचं आहे. पाचवी ते नववी हे मूल वर्गात रोज सहा तास बसतं, त्या सहा तासांत त्याच्यासाठी काय वेगळं होतं? बहुतेक शाळांत काहीच नाही. मदत म्हणजे बोर्डाची सवलत, सवलत म्हणजे प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्राची आठवण येते नववीच्या दिवाळीनंतर, निकालाची काळजी सुरू झाल्यावर. या मुलांना आधार द्यायचा तर तो प्रमाणपत्राच्या आधी आणि प्रमाणपत्राविना सुरू झाला पाहिजे. परीक्षेतल्या सवलती हा त्याचा शेवटचा आणि सर्वांत लहान भाग असायला हवा.

प्रमाणपत्र मिळतं कुणाला, हेही बघू. तपासणीला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ लागतो, बालरोगतज्ज्ञ लागतो, विशेष शिक्षक लागतो. मुंबई-पुण्यात हे सगळे भेटतात, त्यासाठी तिष्ठावं लागलं तरी. गडचिरोलीतल्या किंवा माणदेशातल्या पालकाने बुडत्या मजुरीवर किती खेपा घालायच्या? दुसरी अडचण भाषेची. डिस्लेक्सियाच्या तपासणीचं जगभरातलं बहुतेक ज्ञान इंग्रजीवर उभं आहे. मराठीत वाचणाऱ्या मुलाची अडचण वेगळी दिसते. ते घ आणि ध, भ आणि म यांत अडखळतं, जोडाक्षरातलं एक अक्षर गिळतं, ‘प्रश्न’चा ‘पश्न’ करतं, वेलांटी आणि रफार कुठेतरी ठेवून देतं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाची चाचणी तयार केली, ती मराठीतही आहे, ही फार चांगली गोष्ट झाली. पण ती पहिली ते पाचवीसाठी आहे. चौदा वर्षांचा मुलगा तोवर बऱ्याच युक्त्या शिकलेला असतो. धडा दुसऱ्याकडून ऐकून लक्षात ठेवतो, पहिल्या अक्षरावरून शब्द ओळखतो, वाचायची पाळी आली की पाणी प्यायला जातो. त्याची अडचण पकडायला मराठीत साधनं तोकडी पडतात.

एडीएचडीची गत तर विचारूच नका. कायद्याच्या एकवीस प्रकारांत तिचं नाव नाही. अध्ययन अक्षमता किंवा ऑटिझम जोडीला असेल तर त्या दारातून आत यायचं, नुसती एडीएचडी असेल तर कायद्याच्या दृष्टीने मूल फक्त खोडकर. भरीला वयाचा विचित्र योग आहे. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीबरोबर त्याचं छत्र संपतं. त्यानंतर अठरापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिव्यांग कायदा देतो, पण 40 टक्के दिव्यांगत्व सिद्ध झालेल्यांनाच. आणि 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र पुन्हा तपासून घ्यायला सांगितलं, तेही नेमकं चौदाव्या वर्षी. आधाराची गरज सर्वांत जास्त त्याच वर्षी असते, आणि कागद नव्याने गोळा करायचे तेही त्याच वर्षी.

आता सवलतींकडे वळू, कारण त्या सगळ्या एका जातीच्या नाहीत. काही सवलती मुलाला विषयापर्यंत पोचवतात: जादा वेळ, प्रश्नपत्रिका वाचून दाखवणं, लेखनिक. काही सवलती विषयच काढून घेतात: भाषा सोड, गणित सातवीचं घे. पहिल्या जातीला शाळेकडून मेहनत लागते, दुसरीला फक्त अर्ज. म्हणून शाळांना दुसरी जवळची वाटते. डिसकॅल्क्युलिया, म्हणजे आकड्यांची अडचण, खरोखर तीव्र असलेल्या मुलाला सातवीचं अंकगणित म्हणजे सुटका आहे, ती काढून घ्यावी असं मी म्हणणार नाही. पण ज्याला बीजगणितातली कल्पना कळते आणि चिन्हं उलटसुलट होतात, त्याच्या पालकांसमोर चौदाव्या वर्षी हा फॉर्म ठेवायचा, पुढे काय होईल ते नीट न सांगता सही घ्यायची, आणि सतराव्या वर्षी त्याला यंत्रं आवडतात असं लक्षात आलं तर त्याच्या हाती पाया सातवीचा! हा निर्णय मुलाच्या भल्यासाठी घेतला गेला की निकालासाठी, हे त्या फॉर्मवरून कधीच कळत नाही.

लेखनिकाचंही तसंच. खालच्या वर्गातला विद्यार्थी लेखनिक म्हणून शोधायचा, त्याच्या आईवडिलांची समजूत घालायची, विभागीय मंडळाची मंजुरी आणायची, हे सगळं पालकांच्या गळ्यात. ते जमलंच तर मुलगा मार्चमध्ये पहिल्यांदा अनोळखी पोराशेजारी बसतो आणि उत्तर सांगायला लागतो. सांगून लिहवून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे. मनात वाक्य जुळवायचं, दुसऱ्याच्या वेगाने सोडायचं, कुठवर आलो ते लक्षात ठेवायचं. आठवीपासूनच्या घटक चाचण्यांना ही सवय लावली नसेल, तर बोर्डाच्या पेपरला लेखनिक नुसता शेजारी बसलेला राहतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये विकाश कुमार यांच्या खटल्यात ठरवलं, की लेखनिक नाकारायला 40 टक्क्यांची अट पुढे करता येणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीचं ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून तिथे पोचलं. कायद्याने तिला मिळायचा जादा तास परीक्षाकेंद्रावर मिळालाच नव्हता. न्यायालयाने परीक्षा घेणाऱ्या संस्थेला झालेला अन्याय दूर करायला सांगितलं. निकाल चांगला आहे. पण एक तास मिळवायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ताकद किती घरांत असते?

म्हणून बोलायला हवं ते वर्गाबद्दल.

नववीचं मूल लहान नसतं. दुसरीत मोठ्याने वाचताना अडखळलं तर बाई मांडीवर घेतात, नववीत अडखळलं तर मागचा बाक हसतो, आणि तो हसू नये म्हणून पोरगं आधीच काहीतरी उद्धट बोलून वर्गाबाहेर जाण्याची सोय करून घेतं. वर्गाबाहेर उभं राहणं त्याला वाचण्यापेक्षा स्वस्त पडतं. शिक्षकांच्या खोलीत त्याची नोंद ‘वाया गेलेला’ अशी होते. मुलींचं उलट. ऑटिझम किंवा एडीएचडी असलेली मुलगी गप्प बसते, मैत्रिणींच्या लकबी उचलून त्यांच्यात मिसळल्यासारखं दाखवते, वही सुबक ठेवते, आणि घरी गेल्यावर दप्तर टाकून तासभर रडते. शाळा म्हणते, ‘आमच्याकडे तर काही तक्रार नाही.’ ज्याचा त्रास शाळेला होत नाही, त्याला त्रासच नाही असा हा हिशेब. पौगंडावस्था त्यावर आणखी ओझं टाकते. आवाज फुटतो, पाळी सुरू होते, मित्रांचे गट बदलतात, न लिहिलेले सामाजिक नियम अचानक दुप्पट होतात. ते ओळखणंच ज्याला अवघड जातं, त्याच्यासाठी मधली सुट्टी हा दिवसातला सर्वांत कठीण तास असतो. शाळेच्या वेळापत्रकात तिला विश्रांती म्हणतात.

आणि मग आपली ‘वह्या पूर्ण’ संस्कृती. फळ्यावरचं उतरवून घेणं, घरी प्रश्नोत्तरं लिहून आणणं, चुकलं तर दहा वेळा लिहिणं. काही विषयांत तर अंतर्गत मूल्यमापनाच्या 20 गुणांतही गृहपाठाचा वाटा असतो. ज्या मुलाचा हात लिहिताना दुखतो, त्याला न लिहिल्याबद्दल शिक्षा म्हणून आणखी लिहायला लावणं किती शाळांत आजही शिस्त समजलं जातं! आणि ज्याला हालचाल केल्याशिवाय डोकं जागेवर ठेवता येत नाही, त्याचा खेळाचा तास शिक्षा म्हणून कापायचा. हे मला शैक्षणिक चुकीपेक्षा साध्या निरीक्षणाचा अभाव वाटतो. खेळाचा तास कापलेल्या दिवशी तो पुढच्या दोन तासांना कसा वागतो, एवढं पाहिलं असतं तरी ती शिक्षा बंद पडली असती.

प्रमाणपत्राविना आजच करता येण्यासारखं बरंच आहे. गृहपाठ नुसता तोंडी न सांगता फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा. लांब सूचना तोडून द्यायची, पहिली पायरी झाली की दुसरी. फळ्याचा फोटो किंवा शेजाऱ्याच्या वहीची झेरॉक्स चालवून घ्यायची. इतिहास-विज्ञानाच्या चाचणीत शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत. चाचणीची वेळ सगळ्या वर्गाला सैल द्यायची, म्हणजे कुणालाच प्रमाणपत्र दाखवावं लागत नाही, आणि भरभर लिहिण्याची परीक्षा घ्यायची नसेल तर त्यात कुणाचं नुकसानही नाही. काही उत्तरं तोंडी घ्यायची. तासांची अदलाबदल होणार असेल तर सकाळीच सांगायचं, कारण ऑटिस्टिक मुलाला त्या अदलाबदलीने अख्खा दिवस हलल्यासारखा वाटू शकतो. स्नेहसंमेलनाच्या तालमीत ढोल असह्य झाला तर ग्रंथालयात जाऊन बसायची परवानगी, कारण न विचारता. आणि शाळेत एक ठरलेलं माणूस, ज्याच्याकडे बिनबोलता जाऊन दहा मिनिटं बसता येईल. समुपदेशक असायला हवा, पण नसेल तर चित्रकलेच्या बाई किंवा प्रयोगशाळेतले मामाही हे काम करू शकतात. बऱ्याच शाळांत ते करतातही, त्याची नोंद कुठे नसते.

इथे शिक्षक चिडतात, आणि त्यांचं चिडणं मला रास्त वाटतं. वर्गात साठ मुलं, निवडणुकीची कामं, रोज नवी ऑनलाइन माहिती, संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना) पद टिकेल की नाही ही टांगती तलवार. त्यात यांच्याकडे वेगळं लक्ष कधी द्यायचं? 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं तेव्हा समावेशक शाळेवरचा विषय अभ्यासक्रमात आला, पण तो लेखी पेपर पास होण्यापुरता. वर्गात अशा मुलाशेजारी बसून शिकवण्याचा अनुभव त्यात नावापुरता. विशेष शिक्षकांचं प्रमाण केंद्राने 2022 मध्ये ठरवलं: प्राथमिकला अशा 10 मुलांमागे एक, वरच्या वर्गांना 15 मुलांमागे एक. आपल्याकडे विशेष शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटावर, तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून शाळाशाळा फिरणारे. जो माणूस महिन्यातून एकदा येतो, यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीनोंदीचा रकाना भरतो आणि पुढच्या गावाला जातो, त्याच्याकडून नववीतल्या मुलाने मन मोकळं करावं ही अपेक्षा त्या दोघांवरही अन्याय करणारी आहे. तेव्हा ‘शिक्षकांनी संवेदनशील व्हावं’ एवढं म्हणून सरकारला सुटता येणार नाही. माध्यमिक शाळांना कायम विशेष शिक्षक हवेत, आणि वर वर्णन केलेले बदल मुख्याध्यापकांच्या मर्जीवर न ठेवता शिक्षण विभागाच्या लेखी आदेशात हवेत. आदेश असला की शिक्षकालाही पालकसभेत उत्तर देणं सोपं जातं.

गैरफायद्याचा मुद्दाही टाळण्यासारखा नाही. सवलतींसाठी प्रमाणपत्रं मिळवली जातात, ही कुजबूज दर मार्चमध्ये होते, आणि ती सगळीच खोटी नसावी. पण याचं कारण काय ते पाहा. सगळी मदत एका कागदाला आणि एका परीक्षेला बांधली, की कागदाला किंमत येते, आणि किंमत आली की तो ज्याच्याकडे पैसा, ओळख आणि इंग्रजी आहे त्याला आधी मिळतो. रोजच्या वर्गातला आधार सगळ्यांना खुला असेल तर त्याचा काळाबाजार कसला करणार? फळ्यावर गृहपाठ लिहिण्याचा गैरफायदा कुणी कसा घेईल, हे मला तरी सुचत नाही. ‘मग बाकीच्या मुलांवर अन्याय’ हे त्याच प्रश्नाचं दुसरं टोक. जादा वेळ मिळाल्याने ज्याला उत्तर येतच नाही त्याला ते येत नाही. ज्याला येतं पण कागदावर उतरवायला वेळ लागतो, त्याचंच उत्तर त्यामुळे दिसतं.

निकालाच्या बाबतीत तर उपाय बिनखर्चाचा आहे. मंडळाने शाळानिहाय निकाल जाहीर करताना शेजारी त्याच तुकडीचा आठवीचा पट आणि सतरा नंबरने बसलेल्या तिच्या माजी विद्यार्थ्यांची संख्या छापावी. माहिती सरकारकडे आहेच. दाखले कुठे गेले, किती गेले, हे शिक्षणाधिकाऱ्यांना आजही विचारता येतं. शाळांनी या मुलांना धरून ठेवावं असं वाटत असेल तर त्यांना धरून ठेवण्याची किंमत निकालपत्रकात भोगावी लागू नये. 100 टक्के मिरवणाऱ्यापेक्षा, आठवीतली सगळी मुलं दहावीच्या बाकापर्यंत आणून 91 टक्के मिळवणारी शाळा वरची, असं एकदा कागदावर दिसू दे. मुक्त विद्यालय मंडळ काही मुलांना खरोखर मानवतं, विषय निवडता येतात, गती आपली ठेवता येते. पण ती वाट मुलाने निवडलेली हवी. नववीच्या ऑफिसातून ढकललेल्याला ती शिक्षेसारखीच लागते.

या सगळ्यात एका माणसाला कुणी विचारत नाही. पालक प्रमाणपत्र लपवतात, ‘उद्या लग्नाच्या वेळी अडचण यायला नको’ म्हणून, आणि पुष्कळदा खुद्द मुलापासूनही लपवतात. पंधरा वर्षांच्या मुलाला आपल्याला काहीतरी ‘आहे’ हे कळलेलंच असतं, फक्त नाव माहीत नसल्यामुळे तो त्याला स्वतःचा नालायकपणा समजतो. त्याला सरळ सांगायला हवं. शाळा सुरू होताना वर्गशिक्षक, पालक आणि तो स्वतः, अशी अर्ध्या तासाची बैठक व्हावी आणि त्यात पहिलं बोलणं त्याचं असावं. गणित सोडायचं की नाही, लेखनिक हवा की जादा वेळ पुरेल, वर्गातल्या मुलांना सांगायचं की नाही, हे त्याच्या आयुष्याचे प्रश्न आहेत. बऱ्याचदा तो काही मोठं मागणारच नाही. खिडकीपासून लांबचा बाक मागेल, किंवा ‘उठ, पुढचा उतारा वाच’ असं अचानक म्हणू नका, एवढंच म्हणेल. एवढ्यासाठी ना वैद्यकीय मंडळ लागतं, ना विभागीय मंडळाची मंजुरी.